सकाळी बरोबर उचलतो, दुपारी चुकतो: कॅमेरा बदलायच्या आधी एक ग्राफ पेपर घ्या

आधी तुमच्या पोस्टातला प्रश्न काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझं समजणं चुकलं असेल तर इथंच कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं छोटं युनिट. चार अक्षांचा स्कारा रोबोट (खांद्यात आणि कोपरात आडवा फिरणारा हात), वर स्टँडवर फिक्स केलेला ५ मेगापिक्सलचा कॅमेरा, खाली २४० बाय १८० मिमीचा ट्रे, त्यात सुटे पसरलेले पितळी बुश (नळीच्या छोट्या तुकड्यासारखे पार्ट), बाहेरून १२ मिमी आणि उंची ५ मिमी. दोन बोटांचा ग्रिपर बुश उचलून फिक्स्चरमधे, म्हणजे पार्ट धरणाऱ्या साच्यात, ठेवतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास बसवला तेव्हा झकास चालला, मार्च संपल्यापासून दुपारी शंभरातले आठ-दहा सुटायला लागले, त्यात कोपऱ्यातले जास्त. वेंडर म्हणतो कॅलिब्रेशनचा (कॅमेऱ्यात दिसणारी जागा रोबोटच्या मापाशी जुळवण्याचा) एरर ०.०४ मिमी आहे म्हणजे आमचं बरोबर आहे, तुम्ही १२ मेगापिक्सलचा कॅमेरा घ्या. आणि तुम्ही विचारताय, घेऊ का.

नका घेऊ. निदान आत्ता तरी नका.

साधा हिशोब करा. तुमचा कॅमेरा आडवा २४४८ पिक्सल, ट्रेच्या कडेला थोडी जागा धरून तो २६० मिमी बघतो, म्हणजे एक पिक्सल साधारण ०.१ मिमीचा. ग्रिपरची बोटं उघडल्यावर मधे १४ मिमी जागा, बुश १२ चा, म्हणजे दोन्ही बाजूला एक-एक मिमी मोकळं. बुश सुटतो याचा अर्थ बहुतेक रोबोट एक मिमीपेक्षा जास्त चुकतोय, म्हणजे दहा पिक्सल. दहा पिक्सल चुकणाऱ्या सिस्टिमला बारीक पिक्सल देऊन काय होणार, ती चुकीचीच जागा जास्त बारकाईनं दाखवेल.

तुमचा खरा प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच, तर हा एक मिमी कोण खातंय हा आहे. आणि माझ्या अनुभवात तो एकटं कुणी खात नाही, तीन-चार जण थोडा थोडा खातात, जानेवारीत सगळ्यांचं मिळून एकच्या आत बसत होतं म्हणून कुणाला कळलं नाही, उन्हाळ्यात अजून एक जण पंगतीला बसला आणि ताट संपलं.

आमचे वडील मागावर होते. चादरीत दोष आला की ते मशीनला हात लावायच्या आधी कापड बघायचे. दोष उभा लांबच लांब जातोय तर ताण्यात गडबड, आडवा आलाय तर बाण्यात, ठराविक अंतरानं परत परत येतोय तर काहीतरी फिरणारं बिघडलंय. रोबोटचं अगदी तसंच आहे. किती चुकला यापेक्षा कुठल्या दिशेला चुकला आणि ती दिशा जागेप्रमाणे बदलते का, यावरून रोग कळतो. "शंभरात दहा मिस" या आकड्यातून काहीच कळत नाही, त्यामुळं आधी चुका कागदावर काढायच्या.

पद्धत अशी. ग्रिपर काढा आणि फ्लँजच्या (रोबोटच्या हाताचं टोक, जिथं ग्रिपर बसतो) बरोबर मध्यावर टोकदार पिन बसवा, टर्नरला सांगितलं तर अर्ध्या तासात करून देईल. ग्राफ पेपरवर १२ मिमीचे नऊ काळे गोल काढा, मधे एक, कोपऱ्यात चार, कडेच्या मध्यावर चार, प्रत्येकाचं केंद्र बारीक टिंबानं दाखवा. कागद सपाट प्लेटला चिकटवून ट्रेच्या तळावर ठेवा, कॅमेऱ्याला गोल शोधू द्या, आणि स्लो स्पीडला रोबोट एकेका गोलावर नेऊन पिनचं टोक कागदाच्या मिलिमीटरभर वर थांबवा. टोक जिथं आहे तिथं खूण करा आणि टिंबापासून त्या खुणेपर्यंत बाण काढा. नऊ बाण झाले की लांबून एकदा बघा.

सगळे बाण एकाच दिशेला, एकाच लांबीचे असतील तर काहीतरी सरकलंय, कॅमेरा किंवा त्याचा ब्रॅकेट किंवा खुद्द रोबोटचा बेस. मधे बाण नाही आणि बाहेर जाल तसे लांब होत बाहेरच्या दिशेला पळतायत, तर उंचीची भानगड. भोवऱ्यासारखे गोल फिरल्यागत दिसतायत तर कॅमेरा आणि रोबोट यांच्यातला कोन चुकलाय, एक अंश चूक शंभर मिमीवर पावणेदोन मिमी होते हे लक्षात ठेवा. एकाच बाजूला वाढत जातायत तर कॅमेरा तिरका किंवा ट्रे रोबोटला समांतर नाही. आणि कशाचाच मेळ लागत नाही, परत घेतलं की बाण बदलतात, तर लाइट, ढिला स्क्रू, नाहीतर पार्ट हलतोय.

आता हाच कागद खाली ५ मिमीचे पॅकिंग देऊन वर उचला, बुशच्या माथ्याच्या उंचीला आणा, आणि परत नऊ बाण काढा. मी पैज लावत नाही, पण तुमच्या केसमधे पहिल्या कागदावर बाण जवळजवळ नसतील आणि दुसऱ्यावर बाहेर पळणारे दिसतील. कारण तुम्ही लिहिलंय की कॅलिब्रेशन ठिपक्यांची प्लेट ट्रेमधे ठेवून केलं. प्लेट तळावर, आणि कॅमेरा बघतोय बुशची वरची कड, जी ५ मिमी वर आहे. साधी लेन्स वरून तिरकी बघते, त्यामुळं उंच असलेली वस्तू तिला केंद्रापासून जरा बाहेर सरकलेली दिसते. किती, तर केंद्रापासूनचं अंतर गुणिले उंची भागिले लेन्सपासून बुशच्या माथ्यापर्यंतचं अंतर. तुमचा कॅमेरा ६०० मिमीवर आहे, ट्रेचा कोपरा मध्यापासून १५० मिमीवर, म्हणजे १५० गुणिले ५ भागिले ५९५, सव्वा मिमी. एक मिमीच्या जागेत सव्वा मिमीची चूक! बरोबर मधे मात्र शून्य. कोपऱ्यातले बुश जास्त का सुटतात ते इथं आलं.

मग सकाळी कोपऱ्यातले सगळेच का नाही सुटत, असं विचाराल. दोन कारणं. एक, बोटांना फक्त बंद होण्याच्या दिशेतली चूक महागात पडते, आडव्या दिशेत थोडं इकडंतिकडं चालतं, त्यामुळं त्या वेळी ग्रिपर कुठल्या कोनात आला यावर नशीब ठरतं. दुसरं, तिरक्या बघण्यानं केंद्राकडच्या बाजूला बुशची उभी भिंतही दिसते, सॉफ्टवेअर कधी वरची कड धरतं कधी खालची, मग गोल मधेच कुठंतरी बसतो आणि चूक अर्धी होते. म्हणजे तुमची सिस्टिम जानेवारीतही काठावरच होती.

वेंडरच्या ०.०४ बद्दल. तो आकडा खोटा नाही. पण ज्या ठिपक्यांवरून गणित बसवलं त्याच ठिपक्यांवर ते किती जुळतं एवढंच तो सांगतो, तेही त्याच उंचीवर. पोरानं स्वतःच पेपर लिहायचा आणि स्वतःच तपासायचा असा प्रकार आहे. कॅलिब्रेशन तपासायचं तर ज्या उंचीवर काम करायचं तिथं, आणि गणितात न वापरलेल्या जागांवर. तसंच रोबोटच्या कॅटलॉगमधला अधिक-उणे ०.०२. ती रिपीटेबिलिटी, म्हणजे शिकवलेल्या जागेला परत परत येण्याची ताकद. कॅमेऱ्यानं सांगितलेल्या नव्याच जागेला किती अचूक जातो ती गोष्ट वेगळी आणि तो आकडा कायम मोठा असतो.

यावर उपाय फुकटचा आहे. प्लेट बरोबर ५ मिमीच्या पॅकिंगवर ठेवून परत कॅलिब्रेशन करा, प्लेटच्या स्वतःच्या जाडीचा हिशोब धरून, तिचा छापील पृष्ठभाग बुशच्या माथ्याच्या लेव्हलला आला पाहिजे. कुणीतरी टेलिसेंट्रिक लेन्स सुचवेल, ती तिरकं बघतच नाही हे खरं, पण जेवढी जागा बघायची तेवढी मोठी पुढची काच लागते, तुमच्या ट्रेला ते कोळशाच्या घमेल्याएवढं प्रकरण होईल. विसरा.

आता दुसरा खाणारा, ग्रिपरचं केंद्र, ज्याला आपण टीसीपी म्हणतो. पिन काढून ग्रिपर परत लावा, एक बुश अजिबात हलणार नाही असा घट्ट बसवा, आणि त्याच बुशवर ग्रिपर एकदा शून्य अंशाला आणि एकदा १८० ला न्या. दोन्ही वेळा डाव्या-उजव्या बोटाची फट फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. टीसीपी ०.४ नं चुकला असेल तर दोन वेळच्या केंद्रात ०.८ चा फरक येतो, दुप्पट, म्हणून ही टेस्ट मला आवडते, लपायला जागाच राहत नाही. तुमच्या कामात हा रोग फार फसवा आहे. बुश गोल, त्याला स्वतःची दिशा नाही, त्यामुळं शेजारी मोकळी जागा बघून प्रोग्रॅम दर वेळी वेगळा कोन निवडतो, आणि टीसीपीची ठराविक चूक दर वेळी वेगळ्या दिशेला जाते. बघणाऱ्याला वाटतं रँडम आहे, सॉफ्टवेअरचा बग आहे. काही बग नसतो हो, ग्रिपर काढून परत लावताना कुणीतरी डॉवेल (जागा पक्की करणारी पिन) न घालता नुसते बोल्ट आवळलेले असतात.

स्कारात अजून एक आहे, डावा हात आणि उजवा हात. त्याच जागेला कोपर डावीकडं ठेवूनही जाता येतं आणि उजवीकडं ठेवूनही, पण दोन्हीतली चूक सारखी नसते. कॅलिब्रेशन एका हातानं आणि पिकिंग, म्हणजे बुश उचलणं, दुसऱ्या हातानं होत असेल तर गेलं. प्रोग्रॅममधे एकच हात लॉक करा.

आता दुपारचं. इथं मात्र मी लांबून छातीठोक सांगू शकत नाही, कारण शेडवर अवलंबून आहे. मला तीन संशयित दिसतात.

पहिला ऊन. पत्र्याच्या शेडला उजेडासाठी मधेमधे पारदर्शक शीट असते, सूर्य डोक्यावरून सरकला की तो पट्टा मशीनवरून फिरतो. पितळ चकचकीत, एका बाजूनं ऊन लागलं की त्या बाजूची कड पांढरी होऊन फुटते आणि गोलाचं केंद्र सरकतं. मार्चपासून ऊन उंचावरून यायला लागतं म्हणून जानेवारीत हा पट्टा तिथं आलाच नसेल. टेस्ट सोपी, रोबोट बंद ठेवून एक बुश ट्रेमधे चिकटवा, तीस फोटो घ्या आणि केंद्राचे आकडे लिहून ठेवा. हे सकाळी आठला करा आणि दुपारी तीनला करा. बुश तर हललेला नाही. आकडे हलले, तर गुन्हेगार कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. मग वरून चादर टाका, आपल्याकडं चादरीला काय तोटा, आख्खा सेल, म्हणजे रोबोट-कॅमेरा-ट्रे सगळं, झाकला जाईल अशा दोन चादरी बांधा आणि तीनचीच टेस्ट परत घ्या. आकडे सकाळच्या जागेला परत आले तर ऊन. नाही आले तर पुढं.

ऊन निघालं तर कायमचा उपाय म्हणजे वर पत्र्याचं छप्पर आणि तीन बाजूंनी पडदा, बास. त्यासोबत लाइट बदलता आला तर ट्रेचा तळ दुधी अॅक्रिलिकचा करून खालून बॅकलाइट द्या, बुशची नुसती काळी सावली दिसते, चकाकीचा प्रश्नच मिटतो. मात्र सावलीत वरची आणि खालची दोन्ही कड मिसळते, वर सांगितलेली अर्ध्या चुकीची गोष्ट, तेव्हा त्या मांडणीत कॅलिब्रेशनच्या लेव्हलचं काम परत करावं लागेल. वरूनच लाइट ठेवायचा तर लेन्सभोवतीचा गोल रिंगलाइट काढा, पितळेवर त्याचा रिंगणाचा डाग पडतो, घुमटासारखा डोमलाइट घ्या आणि लेन्सवर त्याच रंगाचा फिल्टर लावा.

हो, एक राहिलं. शेडमधे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर त्या सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आपली लाइन ५० हर्ट्झची म्हणून. एक्सपोजर (एका फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) ३ मिलिसेकंद ठेवलं तर एक फोटो उजळ येतो एक मंद. तुमचे बुश ट्रेमधे स्थिर आहेत, तेव्हा एक्सपोजर १० नाहीतर २० करून टाका. बेल्टवरचे पार्ट असते तर मी हे सांगितलं नसतं, २०० मिमी प्रति सेकंदाच्या बेल्टवर १० मिलिसेकंदात पार्ट २ मिमी पुढं जातो आणि फोटोत नुसता शेपूट दिसतो.

दुसरा संशयित गरमी. सोलापूरचा एप्रिल-मे सांगायला नको, पत्र्याखाली पहाटे आणि दुपारी यात वीस अंशांचा फरक मी स्वतः मोजलाय. अॅल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागं २३ मायक्रॉन वाढतं. कॅमेऱ्याचा आडवा हात ६०० मिमीचा असेल तर वीस अंशात पाव मिमीपेक्षा जास्त, ०.२८. तेवढंच असतं तरी चाललं असतं, पण एका बाजूला ऊन आणि एका बाजूला सावली असली की ब्रॅकेट वाकतो, आणि ६०० मिमी उंचीवरून कॅमेरा नुसता ०.१ अंश कलला की खाली एक मिमी. संपला विषय. म्हणून कॅमेऱ्याचा स्टँड रोबोटच्याच बेसप्लेटवर पाहिजे, जाड आणि आखूड. शेडच्या खांबाला बांधला असेल तर आजच काढा.

यात माझीही एक फजिती सांगतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कामात तीन दिवस रोज सकाळी कॅलिब्रेशन करायचो आणि संध्याकाळपर्यंत घसरायचं. गरमी, ऊन, व्होल्टेज सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. चौथ्या दिवशी तिथला ऑपरेटर, आयटीआयचा पोरगा, मला म्हणतो, "सर, ही काच हातानं फिरतीये की बे." लेन्सच्या फोकस रिंगचा लॉक स्क्रू मीच आवळायचा विसरलो होतो, शेजारच्या प्रेसच्या हादऱ्यानं रिंग रोज थोडी फिरत होती. तेव्हापासून मी दुसरं काही बघायच्या आधी लेन्सचे दोन स्क्रू बघतो, फोकसचा आणि आयरिसचा (आत येणारा उजेड कमी-जास्त करणारी रिंग), आणि वर मार्करची एक रेघ मारून ठेवतो.

तिसरा संशयित हवा. दुपारी दुसऱ्या मशीनही त्याच कॉम्प्रेसरवर असतात का? प्रेशर पडलं की बोटं हळू बंद होतात, बुश नीट धरायच्या आधीच रोबोट वर उचलतो, आणि रिपोर्टमधे तेही "मिस" म्हणूनच जातं. इथं जागेची चूक शून्य असते. हे ओळखायला मोबाइलचा स्लो मोशन पुरतो, सेकंदाला २४० फ्रेमवर बुश उचलताना सुटल्याचे दहा-पंधरा प्रसंग शूट करा. बोट बुशच्या डोक्यावर आपटलं, की बोटात येऊन घसरला, की बोटाला शेजारचा बुश लागून हा ढकलला गेला, हे तिन्ही वेगवेगळे रोग आहेत आणि डोळ्यानं एकसारखेच दिसतात. शेजाऱ्याला लागणारं प्रकरण छोट्या पार्टमधे फारच असतं, त्याला कॅमेऱ्याचा प्रोग्रॅमच बदलावा लागतो, बोटं जिथं उतरणार त्या दोन चौकोनात दुसरं काही नाही ना हे बघूनच रोबोटला उचलायला सांगायचं. आणि बुश एकावर एक चढत असतील तर वरच्याची उंची १० मिमी झाली, कोपऱ्यात चूक अडीच मिमी. तिथं कितीही कॅलिब्रेशन करा, ट्रे हलवून पार्ट पसरवणं हाच स्वस्त मार्ग.

म्हणजे आत्तापर्यंतचा जमाखर्च बघा. जमा एक मिमी. खर्च, कोपऱ्यात उंचीचा सव्वापर्यंत, टीसीपीचा समजा ०.३, गरमीचा ०.३, उन्हानं कड सरकण्याचा दोन-तीन पिक्सल म्हणजे ०.२-०.३. सगळे एकाच दिशेला आले की सुटतो, एकमेकांविरुद्ध आले की उचलतो. म्हणून शंभरातले दहाच.

क्रम माझा असा असतो: आधी लेन्सचे आणि ब्रॅकेटचे स्क्रू, मग चिकटवलेल्या बुशची सकाळ-दुपार टेस्ट, मग ग्राफ पेपर, मग टीसीपी, आणि सगळ्यात शेवटी नवीन कॅलिब्रेशन. लोक उलटं करतात, काही झालं की पहिलं कॅलिब्रेशन, त्यामुळं रोग झाकला जातो, मरत नाही. आणि कॅलिब्रेशन थंड मशीनवर करू नका, रोबोट वीस मिनिटं रिकामा पळवून आणि कॅमेरा तासभर चालू ठेवून मगच करा, कॅमेरा स्वतः तापतानाही चित्र थोडं सरकतं. ट्रेच्या फ्रेमवर एक डॉवेल पिन कायमची ठोकून ठेवा, दर तासाला कॅमेऱ्यानं तिची जागा तपासायची, दोन पिक्सलच्या वर सरकली की लाइन थांबवून दिवा लावायचा. त्यामुळं पुढच्या वेळी "कधीपासून बिघडलं" हा वाद राहत नाही.

तुमच्या पोस्टात दोन गोष्टी नव्हत्या, ग्रिपर हवेचा आहे की इलेक्ट्रिक, आणि स्टँड कशाला बांधलाय. हवेचा धरून लिहिलंय. हे सगळं करूनही दुपारचे मिस तसेच राहिले तर दोन ग्राफ पेपरचे फोटो टाका, एक सकाळचा एक दुपारी तीनचा, दोन्हीवर वेळ लिहून, आणि कागदाची वरची बाजू कुठली ते रोबोटच्या बेसकडं बाण करून दाखवा नाहीतर मला उलटं वाचायला होतं. बाण पेन्सिलनं काढा, ऑइलच्या हातानं पेनची शाई पसरते आणि मग अर्धा मिमी कुठं गेला ते परत शोधावं लागतं.